क्रिकेटची वारसा-फेरी : पाचपैकी तीन तारे, आणि दोन का कापले

फेरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चालवणारी पोरं कष्टाळू आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे, आणि जी खोट मी सांगणार आहे ती त्यांची एकट्यांची नाही. आझाद मैदानाजवळच्या बॉम्बे जिमखान्यापासून मरीन ड्राइव्हच्या जिमखान्यांपर्यंत पायी, साधारण अडीच तास, माणशी ८०० रुपये, चहा त्यातच. विषय : क्रिकेटमधला वर्णभेद आणि मुंबई.

मी पश्चिम रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेला माणूस. रविवार सगळे स्कोअरबुकात गेले. क्लबांची कांगा लीग, कंपन्यांच्या संघांची टाइम्स शील्ड, आणि कुणी बोलावलं तर गल्लीतली टेनिस बॉलची स्पर्धासुद्धा. बाय आणि लेग बाय यांत गल्लत करणाऱ्या एका अंपायरशी मी बरीच वर्षं बोलत नव्हतो. तेव्हा आकड्यांच्या बाबतीत माझ्याकडून दयामाया नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सोय उत्तम. सकाळी सातला जमायचं, उशीर करणाऱ्यासाठी दहा मिनिटांवर थांबत नाहीत. कानात घालायचं एक छोटं यंत्र देतात, त्यामुळे गाडीघोड्याच्या आवाजातही गाइडचा शब्द न शब्द ऐकू येतो. आम्ही वीस-बावीस जण होतो. ठाण्याहून आलेलं एक कुटुंब, पुण्याची एक आयटीतली मुलगी, दोन पारशी बहिणी, बाकी कॉलेजातली पोरं. गाइड पंचविशीतला, मराठी स्वच्छ, हिंदीत जायचं तेवढंच जाणारा. घसा बसेपर्यंत बोलला, पण कंटाळा आणला नाही. स्वच्छतागृहाची व्यवस्था मध्ये एकदाच आहे, वयस्कांनी लक्षात ठेवावं.

सुरुवात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर. समोर फॅशन स्ट्रीटची दुकानं अजून निळ्या प्लास्टिकखाली झोपलेली. आत सभासदांनाच प्रवेश, त्यामुळे जे काही पाहायचं ते जाळीतून. तिथे गाइडनं पहिलं नाव घेतलं ते मोहम्मद सिराजचं. जानेवारी २०२१, सिडनी, प्रेक्षकांतून शिव्या, खेळ थांबलेला, काही लोकांना स्टँडमधून बाहेर काढलेलं. तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो ते आठवा, असं म्हणून तो गर्रकन जिमखान्याकडे वळला आणि म्हणाला, या जागेवर १८७५ पासून गोऱ्यांचा क्लब होता आणि आपल्याला आत यायची परवानगी होती ती फक्त नोकर म्हणून. सुरुवात झकास. झोप उडाली सगळ्यांची.

पुढची वीस मिनिटं या फेरीतली सर्वांत चांगली. पोलोचं भांडण बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल अशी तुकड्यातुकड्यांत दिसणारी जागा तेव्हा एस्प्लनेड म्हणून एकच मोकळं मैदान होती. गोऱ्यांचा जिमखाना एका कडेला, स्वतःच्या राखलेल्या हिरवळीवर. एतद्देशीय पोरं, त्यांत पारशी पुढे, उरलेल्या जागेत खेळायची. आणि त्याच उरलेल्या जागेत साहेब लोक घोडे घेऊन पोलो खेळायला उतरायचे. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. जिमखान्याच्या स्वतःच्या हिरवळीवर मात्र घोडा जायचा नाही. १८८० च्या सुमारास पारश्यांनी अर्ज केले, शेकडो सह्या केल्या, सरकारनं कधी ऐकलं, कधी फिरवलं. शापूरजी सोराबजी नावाच्या गृहस्थांनी हा सगळा झगडा नोंदवून ठेवला म्हणून तो आपल्याला माहीत आहे. गाइडनं हे इतकं रंगवून सांगितलं की ठाण्याच्या कुटुंबातला लहान मुलगा जमिनीकडे वाकून टापांच्या खुणा शोधायला लागला.

मग १८९०. जी. एफ. व्हर्ननचा इंग्लिश संघ याच जिमखान्याच्या मैदानावर पारश्यांकडून चार गडी राखून हरला. दोन्ही पारशी बहिणींनी हळूच टाळ्या वाजवल्या, जणू निकाल आत्ताच लागला. आणि १९३३ चा डिसेंबर, भारतातली पहिली कसोटी, तीही इथेच, लाला अमरनाथचे ११८. शतक याच कुंपणाच्या आतलं, पण खेळायला मैदान दिलं म्हणून सभासदत्व दिलं असा अर्थ होत नव्हता, हेही गाइडनं बरोबर सांगितलं.

क्रॉस मैदानाच्या कडेनं चालताना त्यानं एक नाव सांगितलं जे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. क्रोम हेंड्रिक्स. केप टाउनचा जलदगती गोलंदाज, मिश्र वंशाचा. १८९२ मध्ये दौऱ्यावर आलेल्या इंग्लिश संघासमोर केपमधल्या मलाय समाजाच्या संघाकडून त्यानं अशी गोलंदाजी टाकली की इंग्लिश खेळाडूच म्हणायला लागले, याला इंग्लंडला न्या. १८९४ चा दक्षिण आफ्रिकेचा पहिला इंग्लंड दौरा ठरला तेव्हा त्याचं नाव चर्चेत होतं. केपच्या सत्ताधाऱ्यांनी ते वगळलं. त्याला सामानाचा नोकर म्हणून नेता येईल, अशी एक सूचना निघाली होती. हेंड्रिक्सनं ती धुडकावली. त्यानंतर देशाच्या संघाचं दार त्याच्यासाठी उघडलंच नाही. डॉलिव्हेराचं प्रकरण, म्हणजे इंग्लंडच्या संघात हा मिश्र वंशाचा खेळाडू नको म्हणून दक्षिण आफ्रिकेनं दौराच नाकारला ते, १९६८ चं, ते आपल्याला पाठ असतं. त्याच्या पाऊण शतक आधी हे होऊन गेलेलं. वर्णभेद कायद्यानं आणायच्या कितीतरी आधी तो संघनिवडीच्या खोलीत बसलेला होता. यासाठी गाइडला पूर्ण गुण.

आणि इथेच पहिली ठेच लागली. १८९२ म्हटल्यावर त्यानं एक क्षण थांबायला हवं होतं. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्यांच्या पूना क्लबात एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा महिना चार रुपयांवर रोलर ओढायला लागला होता. आधीच्या पारश्यांच्या क्लबात तीन रुपये होते, एक रुपया वाढला. आपल्या मैदानांवर ज्याला माळी म्हणतात ते काम. बाळू पालवणकर. तिकडे हेंड्रिक्सला गोलंदाज म्हणून न्यायची लाज म्हणून नोकर करायला निघाले होते, इकडे नोकर म्हणून ठेवलेल्याच्या हातात गोलंदाजी निघाली होती. एकच काळ, समुद्राच्या दोन बाजूंना. तारीख गाइडच्या तोंडात होती, जोडली नाही त्यानं.

चर्चगेटला आम्ही पश्चिम रेल्वेच्या दगडी मुख्यालयासमोरून न थांबता गेलो. आता इथे मी थोडा भावनिक होणार, सवय माझी. ही इमारत म्हणजे जुन्या बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं मुख्यालय. मुंबईत आल्यावर बाळूंना नोकरी दिली ती याच रेल्वेनं, आणि ते तिच्या संघाकडूनही खेळले. टाइम्स शील्डमधल्या रेल्वेवाल्यांच्या, बँकवाल्यांच्या संघांचे पूर्वज शोधायचे तर इथे दोन मिनिटं थांबावंच लागतं. फेरीच्या आखणीत हा थांबा नाही. तो घाला, फुकट आहे.

चहा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. मातीच्या कपात. जुन्या काळाची चव यावी म्हणून, असं गाइड म्हणाला. चहा उत्तम, आलं पुरेसं. कप पिऊन झाल्यावर गोळा करायला पिशवी ठेवली होती, हेही चांगलं. या कपाकडे पुन्हा यायचं आहे.

आता जिमखाने. समुद्राच्या कडेला, रेल्वेमार्गाला पाठ करून उभे. नोकरीत असताना मी कित्येक वर्षं चर्नी रोड आणि मरीन लाइन्सच्या मध्ये लोकलच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून ही मैदानं बघितली आहेत. गाडी इतकी वेगात जाते की एक चेंडू पडलेला दिसतो आणि त्याचं काय झालं ते कळत नाही, स्कोअररला याहून मोठी शिक्षा नाही. गव्हर्नर लॉर्ड हॅरिसच्या काळात धर्मावार भूखंड वाटले गेले. पारश्यांना आधी मिळाला होता, मग मुसलमानांना, मग हिंदूंना. हिंदू जिमखान्याचं उद्घाटन १८९४ मध्ये हॅरिसच्याच हस्ते झालं. शाळकरी पोरं आजही त्याच्या नावाच्या शील्डसाठी खेळतात. गोऱ्यांच्या क्लबात घ्यायचं नाही म्हणून वेगळे क्लब दिले, आणि ते देतानाही प्रत्येकाला आपापल्या खणात बसवलं. त्यातूनच गोरे आणि धर्मावार संघ यांच्यातले तिरंगी, चौरंगी, पंचरंगी सामने. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावार संघांना विरोध केला आणि १९४६ च्या सुमारास ते सामने बंद पडले. हा भाग गाइडनं पटपट उरकला, ठीक आहे, उन्हं वर यायला लागली होती.

मग बाळू. प्लास्टिकमध्ये घातलेला १९११ च्या संघाचा फोटो हातोहात फिरवला. गोष्ट अशी सांगितली : गरीब घरातला मुलगा, गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी तयार करायचा, कॅप्टन ग्रेगसारख्या साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकून तरबेज झाला, ग्रेग बाद झाला की आठ आणे द्यायचा म्हणतात. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवलं तेव्हा हत्तीवरून मिरवणूक निघाली. प्लेगच्या काळात मुंबईला आला, १९०६ मध्ये हिंदूंनी गोऱ्यांना लोळवलं, १९११ मध्ये इंग्लंड गाजवलं. टाळ्या. सहा मिनिटं.

आकडे आधी उरकतो. १९०६ चा सामना १०९ धावांनी जिंकला हे त्यानं बरोबर सांगितलं. हिंदू २४२ आणि १६०, गोरे १९१ आणि १०२, बेरीज करून बघा, जमते. पण हातात दिलेल्या पत्रकात '१९११ च्या दौऱ्यात ११४ प्रथम श्रेणी बळी' असं छापलंय. चूक. ११४ हे दौऱ्यातल्या सगळ्या सामन्यांचे, सरासरी १८.८४. त्यांतले प्रथम श्रेणीचे, म्हणजे वरच्या दर्जाच्या सामन्यांतले, ७५. पंचाहत्तर काय कमी आहेत? संघ १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दोनच जिंकला आणि दहा हरला, कर्णधार पतियाळाचे महाराज, आणि पस्तिशीतला हा डावखुरा फिरकी गोलंदाज एका टोकानं टाकतोय. पूर्ण कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. या माणसाचे आकडे फुगवायची गरज कुणालाच पडू नये. पत्रक पुन्हा छापा.

आता खरी गोष्ट. या सहा मिनिटांत बाळूंची जात कुठेच आली नाही. ते गरीब होते, एवढंच आलं. गरीब तर मैदानावरची निम्मी पोरं असतात. बाळू चांभार होते. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, वडील पुण्यात लष्करात चाकरीला. पुण्याच्या हिंदूंच्या संघात त्यांना घ्यायचं की नाही यावर वाद झाला. घ्यावं असं काहींना वाटत होतं, ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. घेतलं शेवटी, कारण गोऱ्यांना हरवायचं तर हा हवाच होता. मैदानावर तो टाकेल तो चेंडू सगळ्यांनी हातात घ्यायचा. मात्र चहाच्या वेळी सगळे पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपांतून पिणार आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यातून, पिऊन झालं की फेकायचं. जेवणही वेगळं. तोंड धुवायला पाणी घालायचं तर तेही एखाद्या अस्पृश्य नोकरानंच.

आम्ही त्या वेळी हातात मातीचे कप धरून उभे होतो. काहींचे अजून संपायचे होते. फेरीवाल्यांनी तो कप मुद्दाम निवडला असता तर मी त्यांच्या धाडसाला दाद दिली असती. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, किंवा असून तो दाखवायचा नव्हता.

मुंबईत फरक पडला हे खरं. हिंदू जिमखान्यानं बाळूंना आणि त्यांच्या भावाला, शिवरामला, संघात घेतलं, पंगतीलाही बसवलं. १९०६ च्या विजयानंतर 'इंडियन सोशल रिफॉर्मर'नं लिहिलं त्यात या गोष्टीचंच कौतुक होतं, गोऱ्यांना हरवण्याइतकंच. पण पंगत मिळाली तरी कप्तानी मिळाली नाही. १९१० नंतरची दहा वर्षं संघातला सर्वांत जुना, सर्वांत यशस्वी गोलंदाज कप्तानीसाठी डोळ्यांसमोर होता आणि दर वेळी दुसरं नाव निघत होतं. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै स्वतःच्याच सत्कारात बोलले की हा मान बाळूंचा होता. एवढा सरळ माणूस क्रिकेटच्या राजकारणात दुर्मीळ, म्हणून त्यांचं नाव घेतलंच पाहिजे.

१९२० मध्ये फुटलं. चौरंगीत पै खेळणार नव्हते, तेव्हा कप्तानी बाळूंच्या धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे, जायला हवी होती. विठ्ठल त्या वेळी संघातल्या उत्तम फलंदाजांपैकी एक. ती पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेली. देवधर मोठे खेळाडू, त्यांच्या नावाची स्पर्धा पुढे झाली, त्यांच्याशी माझं वैर नाही. पण विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि जाहीर पत्रकातून सांगितलं की आम्हाला जातीमुळे डावललं जातं. १९२० साली, वर्तमानपत्रात, भारतीय खेळाडूंनी! पुढच्या सामन्याला पै परतले, भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार केलं, आणि पै मैदान सोडून गेले तेवढा वेळ संघ बाळूंच्या हातात आला. चव्वेचाळिशीत. तेवढीच त्यांची कप्तानी. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी चौरंगी जिंकली.

सिडनीच्या स्टँडमधल्या दारुड्यांपेक्षा ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे शिवी देणारा अनोळखी होता. इथे निवड समितीतले शिकलेले, सभ्य, बाळूंच्या बळींवर टाळ्या देणारे लोक होते. आणि याला जुनी गोष्ट म्हणून कपाटात ठेवायचं तर २०२१ चा ऑगस्ट काढा. टोकियोत हॉकीची उपांत्य फेरी हरल्यावर वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीनं विचारलं होतं की आयपीएलच्या ड्रेसिंग रूममध्ये मला 'कालू' म्हणत होतात त्याचा अर्थ काय. २०१७ मध्ये भारताचा फलंदाज अभिनव मुकुंद याला आपल्याच लोकांकडून रंगावरून जे ऐकावं लागलं ते त्यानं लिहून जाहीर केलं. सिराजनं सुरू होणाऱ्या फेरीत यांपैकी एकाचंही नाव नाही.

पुण्याची ती मुलगी हुशार. तिनं विचारलं, "मग ते कॅप्टन कधी झाले?"

"त्यांचे भाऊ विठ्ठल झाले," गाइड म्हणाला, "१९२३ मध्ये." आणि पुढच्या थांब्याकडे वळला.

फेरी संपल्यावर सगळे पांगले, मी यंत्र परत करायला रेंगाळलो. त्याला विचारलं, "१९२० माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे काका. सुरुवातीला सांगायचो मी."

"मग?"

"गोऱ्यांचं सांगितलं की टाळ्या येतात. हे सांगितलं की एखादा म्हणतो, सुट्टीच्या सकाळी जात कशाला काढता. घरी जाऊन तारे कापतो. वरचे लोक तारे बघतात. मला सांगितलं, दोन वाक्यांत आटप. दोन वाक्यांत ते बसत नाही, मग मी सोडूनच दिलं."

मला त्याचा राग आला नाही. एक दीड कप चहाएवढ्या वेळात त्यानं मला कप्तानीच्या दहा वर्षांतली एकेक निवड तोंडपाठ सांगितली. पोराची तयारी आहे, वाचन आहे. फक्त जे त्याला येतं ते बोलायची परवानगी आमच्यासारख्या गिऱ्हाइकांनी काढून घेतली आहे.

म्हणून हे लिहायला बसलो. जात काढली म्हणून तारे कापणारे असतील, तर जात झाकली म्हणून कापणाराही एक असू दे. एक तारा त्यासाठी कापला. दुसरा पत्रकातल्या आकड्यासाठी आणि चर्चगेटच्या न घेतलेल्या थांब्यासाठी मिळून. उरलेले तीन पोलो, हेंड्रिक्स आणि त्या मुलाच्या घशासाठी.

एक घरची गोष्ट, फेरीशी संबंध कमी, पण राहवत नाही. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. त्याआधी १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. गांधीजींचं उपोषण सुटावं म्हणून बाबासाहेबांची मनधरणी करणाऱ्यांत ते होते. दोघांचं राजकारण तिथून वेगळं झालेलं. निकाल : बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. आमचे आजोबा परळला राहायचे, मतदार होते. मत कुणाला दिलं ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. भिंतीवर फोटो बाबासाहेबांचा होता, पण चाळीत कुणी बाळूंबद्दल वाकडं बोललं तर आजोबा उठून जायचे. अशी माणसं एका ओळीच्या प्रेरणादायी गोष्टीत मावत नाहीत. फेरीत निदान एवढं सांगावं की हा माणूस १९११ नंतर ४४ वर्षं जगला, १९५५ मध्ये मुंबईतच गेला, आणि या काळात तो फक्त फोटोत नव्हता. प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. तिथे राहणाऱ्यांना विचारा हे पी. बाळू कोण, मजा येईल.

कुणी जावं : क्रिकेट आवडणाऱ्यांनी नक्की, दहा वर्षांपुढची मुलं असतील तर घेऊन. एस्प्लनेडचा भाग एकटाच पैसे वसूल करतो. टोपी आणि पाणी घ्या, मरीन ड्राइव्हच्या टप्प्यात सावली नाही. पावसाळ्यात फेऱ्या कमी असतात, पण तेव्हाच मैदानांवर कांगा लीग चालू असते, त्यामुळे तारीख मिळाली तर ती घ्या.

आणि पैसे भरताना 'विशेष सूचना' म्हणून एक रिकामा रकाना येतो. बहुतेक जण त्यात आहाराच्या आवडीनिवडी लिहितात. तुम्ही '१९२० सांगा' एवढं लिहा. तारे बघणारे लोक तो रकानाही बघत असतील.